नीसचा कठडा

नीसला मी कधीही गेलेले नाही. तरी तिथला समुद्राकाठचा रस्ता मला पाठ आहे. बस कुठे थांबते, ताडाची झाडं कुठून दाट होतात, गुलाबी घुमटाचं हॉटेल कशानंतर येतं, सगळं डोळे मिटून सांगते. आईसुद्धा सांगेल. तिला तर आता डोळे मिटायचीही गरज उरलेली नाही.

असं बोललं की माणसं दचकतात. इथे सिडनीत, वेस्टमीडला, लॅबमधल्या मैत्रिणीपाशी एकदा बोलून गेले, तर ती म्हणाली, "ऐसा मत बोल यार." का नाही बोलायचं? झालं ते झालंय आणि त्यात माझा हात आहे. हे लिहायचं धाडसही एवढ्याचसाठी होतंय की आईला ते वाचता येणार नाही.

आई पुण्यात पाटबंधारे खात्यात ट्रेसर होती. इंजिनियरांनी पेन्सिलीने काढलेले कालव्यांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने गिरवायचे, हे तिचं काम. एकतीस वर्षं ती उंच स्टुलावर पाठ न टेकता बसली, कारण टेकलं की हात हलतो. घरीसुद्धा भिंतीवरची फोटोफ्रेम केसभर कलली तरी तिला जेवण जायचं नाही. तिच्या ऑफिसातल्या प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असायच्या: काढणारा, गिरवणारा, तपासणारा. तिसरी सही झाल्याशिवाय नकाशा टेबलावरून हलायचा नाही. "आपल्या डोळ्यांवर एकट्याने विश्वास ठेवायचा नाही," ती मला गणिताच्या वहीवरून सुनवायची. "दुसऱ्याला दाखव. दुसऱ्याला दिसलं की मगच खरं."

तिच्या टेबलाच्या काचेखाली कुठल्याशा जुन्या कॅलेंडरचं एक पान होतं. निळा समुद्र, पांढरा कठडा आणि कठड्याच्या अलीकडे समुद्राकडे तोंड करून ओळीने ठेवलेल्या रिकाम्या निळ्या खुर्च्या. खाली बारीक अक्षरांत 'नीस' लिहिलेलं. शाळा सुटल्यावर मी तिच्या ऑफिसात जाऊन बसायचे तेव्हा ती ते पान मला दाखवायची. "नुसतं बसायला ठेवल्यात बघ. पाठ टेकून. ऊठ म्हणणारं कोणी नाही." तिने दुसरं काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

रिटायर झाल्यावर, बाबा जाऊन चार वर्षं झाली तेव्हा, तिने मला न विचारता एका मराठी टूरमध्ये नाव नोंदवलं. चौदा दिवसांत सात देश, सकाळी उपमा, रात्री वरणभात, बरोबर टूर लीडर. त्यात एक दुपार नीस. फोनवर सांगताना तिचा आवाज शाळकरी मुलीचा झाला होता. आणि मी काय केलं? हसले.

"एक दुपार? अगं, बसमधून उतरायचं, बाथरूमच्या लायनीत उभं राहायचं, एक फोटो काढला की यांची शिट्टी. याला काय नीस बघणं म्हणतात?" परदेशात चार वर्षं काढली की माणसाला जी शहाणपणाची खाज सुटते ना, ती मला सुटली होती. "रद्द कर. पुढच्या मेमध्ये मी सिडनीहून येते, तू मुंबईहून ये. नीसमध्येच भेटू. आठ दिवस नुसतं खुर्चीत बसायचं, दुसरं काही नाही."

तिने रद्द केलं. टूर गेली आणि आलीसुद्धा. शेजारच्या काकू त्याच टूरला गेल्या होत्या. त्यांनी आईसाठी नीसच्या किनाऱ्यावरून एक चपटा राखाडी गोटा आणला. तिथे वाळू नाही, सगळे गोटेच. आईने मला फोन करून ही माहिती दिली, जराही कुरकुर न करता. कुरकुर केली असती तर बरं झालं असतं.

त्याच डिसेंबरात तिच्या उजव्या डोळ्यापुढे मधोमध डाग आला. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याला वयाने होणारा आजार आहे, मध्यभागी गळती सुरू झालीय. उजव्याचं गेलेलं फारसं परत येणार नाही. दर महिन्याला इंजेक्शन घेऊन राहिलंय तेवढं टिकवायचं. डावा अजून चांगला आहे, पण त्यालाही कधीही होऊ शकतं. त्यांनी चौकटींचा एक कागद दिला. रोज सकाळी उजवा डोळा झाकून डाव्याने याच्याकडे बघा. ज्या दिवशी एक जरी रेघ वाकडी दिसली, त्या दिवशी निघून या, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. वेळेत आलात तर डोळा वाचतो.

आईने तो कागद फ्रीजवर चिकटवला. "रेघा तपासायच्या ना? हे काम तर मला झोपेतही येतं," असं म्हणाली. आणि मग जरा थांबून, "मेपर्यंत हा डावा टिकू दे बाई. एकदा समुद्र बघितला की मग त्याचं काय व्हायचं ते होऊ दे."

म्हणजे सगळं त्या एका डोळ्यावर येऊन ठेपलं होतं.

मार्चमध्ये जग बंद झालं. ऑस्ट्रेलियाने तर आपल्याच माणसांना देशाबाहेर जायला मनाई केली. परवानगी हवी असेल तर फॉर्म होता, त्यात जाण्याचं कारण निवडायचं होतं. आईचा डोळा जायच्या आत तिला समुद्र दाखवायचाय, असं कारण त्या यादीत नव्हतं. तरी मी अर्ज केला. नकार आला, अगदी सभ्य भाषेत. त्यांना काय दोष देऊ? इकडे भारत बंद, तिकडे फ्रान्स बंद. मी पोचणार तरी कुठे होते?

मी इथल्या एका लॅबमध्ये स्वॅब तपासत होते. सकाळपासून समोर ट्यूबांचे रॅक, हातात ग्लोव्ह्जवर ग्लोव्ह्ज, तोंडाला मास्कचे वळ. प्रत्येक पॉझिटिव्ह ट्यूबमागे मला आईचा चेहरा दिसायचा. भीतीने माझं डोकं फिरलं होतं, हे आज कळतंय. तेव्हा मला वाटायचं की एवढ्या सगळ्यांत मलाच काय ते कळतं. शिफ्ट संपली की मी फोनवरून पुण्यातलं घर चालवायला घ्यायचे. आम्हा बाहेर आलेल्यांना ही खोड असतेच. हात पोचत नाही म्हणून जीभ पोचवायची. भाजी दाराबाहेर ठेवायला सांग. काकूंना आत घेऊ नकोस. लिफ्टचं बटण कोपराने दाब.

"आणि इंजेक्शनला जायचं नाही," मी सांगितलं.

"अगं, महिना उलटून गेला—"

"डोळा महत्त्वाचा की जीव? मी रोज बघतेय इथे, मला शिकवू नकोस."

ती गेली नाही. पुढे मधल्या काळात जरा सैल झालं तेव्हा काकू तिला दोन-तीनदा घेऊन गेल्या, पण दुसरी लाट आली आणि मी पुन्हा दार लावून घेतलं. एकवीस सालच्या त्या उन्हाळ्यात पुण्याहून रोज कोणाची ना कोणाची बातमी यायची. मी तिला शपथ घातली होती. माझी शपथ आहे, उंबरठा ओलांडलास तर.

नीसला जाणं ही माझीच आयडिया. पहिल्याच लॉकडाउनमध्ये, एका रविवारी, मला सुचलं की नकाशाच्या ॲपवर रस्त्यांचे फोटो असतात, त्यांच्यातून बाण दाबत चालता येतं. मी स्क्रीन शेअर केली. "चल, तुला फिरायला नेते." माझ्याकडे दुपार, तिच्याकडे सकाळचे साडेनऊ. तिने टॅब त्या गोट्याला टेकवून उभा केला आणि आम्ही नीसच्या किनाऱ्यावर उतरलो.

ती स्क्रीनवर वाकली. मग म्हणाली, "थांब. साडी बदलून येते."

मला वाटलं चेष्टा करतेय. खरंच बदलून आली. तेव्हापासून दर रविवारी ती नेसून, केस बांधून, पायात घरातल्याच पण नव्या स्लीपर घालून बसायची. मी बाण दाबायचे आणि ती ओरडायची, "हळू चाल ना, तुझे पाय आहेत की चाकं!" कधी खुर्च्या मोजायची. कधी म्हणायची, आज या हिरव्या छत्रीवाल्याकडे थांबू. मग आम्ही दोघी आपापल्या घरात चहा प्यायचो आणि समोर तोच तो थिजलेला समुद्र असायचा. त्या फोटोंमधल्या माणसांचे चेहरे पुसट केलेले असतात. "यांची तोंडं का पुसलीत गं?" तिने विचारलं होतं. ओळख पटू नये म्हणून, मी सांगितलं. "अगंबाई. म्हणजे आपण एवढ्या लांब आलो आणि ओळखीचं कोणीच भेटायचं नाही," म्हणाली आणि हसली. किती हसायचो आम्ही! लॅबमधल्या त्या सगळ्या आठवड्यांत मी रविवारच्या आर्वोची, म्हणजे इथल्या भाषेत दुपारची, वाट बघायचे. प्रत्यक्षात गेलो असतो तर आठच दिवस मिळाले असते, इथे वर्ष झालं, असं मी तिला सांगायचे. स्वतःचं समाधान करून घ्यायला माणूस काय वाट्टेल ते बोलतो.

आता तो रविवार.

एकवीस सालचा मे महिना होता. मी सलग सहा शिफ्ट करून आले होते आणि सातवी माझ्या नावावर लागली होती. एका हातात टोस्ट होता. लॅपटॉपवर नीस चालू होतं आणि मी फोनवर रोस्टरवरून कोणाशी तरी मेसेजांची भांडाभांडी करत होते. मधूनमधून एक बाण दाबायचा, एवढंच माझं लक्ष.

"थांब जरा," आई म्हणाली. "हा कठडा इथे वाकडा का गं?"

"कुठे?"

"अगं, हा बघ ना, खुर्च्यांच्या पुढे. मधेच पोट आल्यासारखा. आणि मागे समुद्राची रेघ पण जरा खचलीय."

"ते फोटो जोडलेले असतात आई. जोडताना होतं तसं."

ही माहिती खोटी नव्हती. खरंच होतं तसं. कुठे माणसाचा पाय तुटतो, कुठे गाडी अर्धी असते, आम्ही दोघी ते पाहून हसलोही होतो.

ती तेवढ्यावर थांबली नाही. तिने नीट विचारलं. मला तो आवाज अजून ऐकू येतो. ऑफिसात नकाशा पुढे सरकवताना यायचा तोच तो कोरडा, कामाचा आवाज. "तुलाही तसंच दिसतंय ना पण? वाकडा?"

"हो गं. दिसतंय ना," मी म्हटलं आणि मेसेज टाइप करत राहिले.

"मग ठीक," ती म्हणाली. "चल पुढे."

मी वर पाहिलंसुद्धा नव्हतं.

त्यानंतर इथे सिडनीलाही कडक लॉकडाउन लागला. आम्ही अजून दहा-बारा रविवार नीसला गेलो. ती कमी बोलायला लागली होती. मला वाटलं, कंटाळली असेल. ऑगस्टमध्ये काकूंचा फोन आला. काकू दूध द्यायला दारात आल्या होत्या आणि आईने त्यांच्यासाठी चहा ओतला तो कपाच्या शेजारी, ओट्यावर. ओट्यावरून चहा खाली ठिबकत होता आणि आई किटली धरून ओततच होती. काकूंनी तिला तसंच रिक्षात घातलं. माझी शपथ वगैरे त्यांनी विचारली नाही, देव त्यांचं भलं करो.

डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्यात रक्तस्राव होऊन वण धरलाय. दोन-तीन महिने झाले असावेत. रेघा वाकड्या दिसायला लागल्या तेव्हाच यायला हवं होतं. कागद दिला होता ना?

आईने मला फोनवर सांगितलं. रडली नाही. "कागदावर जरा लाटा दिसायच्या गं. पण तो फ्रीजवरचा कागद, दमटपणाने फुगलाय असं वाटलं. म्हणून तर तुला नीसचं विचारलं. म्हटलं, तिलाही वाकडं दिसतंय, म्हणजे माझा डोळा नाही."

मी फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. त्या जागेवर गेले. हिरवी छत्री, बसथांबा, पुसलेल्या चेहऱ्याची बाई, तिचं कुत्रं. खुर्च्या. आणि त्यांच्यापुढे तो कठडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टी लावून काढल्यासारखा सरळ. मी पुढे बाण दाबला, मागे दाबला, मोठं करून बघितलं. एखादा तरी जोड सापडेल, एखादा तरी वाकडेपणा सापडेल म्हणून मी किती वेळ शोधत होते, मला माहीत नाही. शोधून काय मिळणार होतं? तिने आयुष्यभर पाळलेल्या नियमाने मला विचारलं होतं, आणि मी न बघता सही ठोकली होती.

सीमा उघडल्यावर मी पुण्याला गेले. मी तिथे असताना इंजेक्शनंही झाली, उशिरा का होईना, पण वण काही हलला नाही. या आजारात पूर्ण अंधार होत नाही. कडेकडेचं दिसत राहतं, जे बघायला जावं तेवढंच नेमकं नाहीसं होतं. मी पोचले त्या दिवशी तिने दार उघडलं आणि माझ्या कानाच्या बाजूला, जिन्याच्या भिंतीकडे बघत उभी राहिली. तसं बघितलं की मी तिला थोडीशी दिसते, हे मला मागाहून कळलं. मग सरळ माझ्याकडे बघायला गेली आणि तिचा चेहरा उतरला.

"अगं, तुझंपण तोंड पुसलं की," ती म्हणाली. "त्या नीसच्या माणसांसारखं."

तीन महिन्यांनी मी तिला इथे घेऊन आले. नीसला जाऊया का, असं मी एकदा विचारलं होतं. "कशाला?" एवढंच म्हणाली. मी पुन्हा विषय काढला नाही. पण एका शनिवारी, स्वच्छ ऊन होतं म्हणून, मी तिला गाडीत घालून कूजीच्या समुद्रकिनाऱ्यावर नेलं. निळी फोल्डिंगची खुर्ची मुद्दाम शोधून आणली होती. कसला मूर्खपणा! तिला रंग तरी धड कळणार होता का? कठड्याजवळ खुर्ची उघडून मी तिला बसवलं. तिने आधी खुर्चीची पाठ हाताने चाचपली आणि मग टेकली. पर्समधून तो राखाडी गोटा काढला आणि मुठीत धरून बसली. आजूबाजूला पोरांचा कालवा चाललेला, सीगल ओरडत होते. एक म्हातारा कुत्र्याला घेऊन जाताना म्हणाला, "लव्हली डे." आईने त्याच्या आवाजाच्या दिशेने मान हलवली.

"समुद्र आहे ना समोर?" तिने विचारलं.

"आहे."

"निळा?"

"हो. खूप."

मी थर्मास उघडत होते तेवढ्यात ती म्हणाली, "एक विचारू? खरं सांगशील?"

मी थर्मास खाली ठेवला.

"तो तिथला कठडा. तुला खरंच वाकडा दिसला होता का गं?"

सांगायचं होतं मला. वर्षभर मी तेवढं एकच वाक्य मनात घोळवत होते. बाथरूममध्ये मोठ्याने म्हणूनही बघितलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या खांद्यापलीकडे बघत होती, म्हणजे मला बघायचा प्रयत्न करत होती.

"हो, आई," मी म्हटलं. "दिसला होता."

तिने एवढा मोठा श्वास सोडला की मला तो ऐकू आला. तिचा हात हवेत चाचपडत आला, माझं मनगट सापडल्यावर तिने ते दोनदा थोपटलं.

"मग ठीक आहे. तपासणाऱ्यालाही रेघ तशीच दिसली तर त्यात कोणाची चूक नाही," ती म्हणाली. "मी आपली मनातल्या मनात म्हणत होते, पोरीने न बघताच हो म्हटलं असणार. वर्षभर राग धरून बसले होते तुझ्यावर. माफ कर हं मला."

मी कपात चहा ओतला आणि कप तिच्या हातात नीट धरवला.